निर्यातीसाठी मुद्दाम कमकुवत केलेली कुलपे

मार्च २०१५ मध्ये संशोधकांच्या एका गटाने जाहीर केले की, सुरक्षित समजल्या जाणाऱ्या संकेतस्थळांपैकी सुमारे एक तृतीयांश संकेतस्थळे अजूनही एक जुने, सहज फोडता येणारे कुलूप बाळगून आहेत, आणि ब्राउझर व संकेतस्थळ यांच्या मधल्या मार्गावर बसलेल्या हल्लेखोराला ते कुलूप वापरायला दोघांनाही भाग पाडता येते. या त्रुटीला ‘फ्रीक’ असे नाव पडले. बाधित संकेतस्थळांत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे, म्हणजे एनएसएचे, सार्वजनिक संकेतस्थळही होते. या कमकुवतपणाचे मूळ १९९० च्या दशकातील अमेरिकी निर्यात नियमांत होते. परदेशी ग्राहकांना, म्हणजे तुम्हाआम्हाला, देण्यासाठी ते कुलूप जाणूनबुजून तसे घडवण्यात आले होते. ते कोणी, कशासाठी आणि कसे घडवले हे समजून घेतले, तर सॉफ्टवेअरच्या निर्यातीवरचे निर्बंध प्रत्यक्षात काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे बऱ्याच अंशी उलगडते.

एन्क्रिप्शन म्हणजे मजकुराचे गणिती कृतीने असे रूपांतर करणे की ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच तो पुन्हा वाचता यावा. चांगल्या पद्धतीत ही कृती गुप्त ठेवलेली नसते. ती पाठ्यपुस्तकांत छापलेली असते आणि जगभरातील अभ्यासक तिच्यात दोष शोधत असतात. गुप्त असते ती फक्त किल्ली, आणि किल्ली म्हणजे शून्य व एक या अंकांची माळ. या माळेतील प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. सायकलच्या आकड्यांच्या कुलपाला तीन चकत्या असतील तर चोराला जास्तीत जास्त हजार जोडण्या तपासाव्या लागतात, चौथी चकती लावली की दहा हजार. किल्लीतही असेच होते. एक बिट वाढला की शक्य किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. ४० बिटांच्या किल्लीत सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता असतात. माणसाला ही संख्या अफाट वाटते, पण संगणकाला वाटत नाही. ५६ बिटांची किल्ली त्याहून ६५,५३६ पट अवघड असते, आणि १२८ बिटांच्या किल्लीतील शक्यता लिहायच्या तर ३४ या आकड्यापुढे ३७ शून्ये मांडावी लागतील. तेथे एकेक किल्ली लावून पाहण्याचा विचारच सोडावा लागतो. पुढच्या साऱ्या हकिगतीत ४०, ५६ आणि १२८ हे तीन आकडे पुन्हा पुन्हा येतील.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व जपानचे सांकेतिक संदेश उलगडल्याचा दोस्त राष्ट्रांना मोठा लाभ झाला होता, आणि त्यामुळे युद्धानंतर अमेरिकेने सांकेतिक यंत्रांना युद्धसामग्रीच मानले. तोफा आणि क्षेपणास्त्रे ज्या शस्त्रास्त्र यादीत होती, त्याच यादीत एन्क्रिप्शनही होते, आणि ते देशाबाहेर पाठवायचे तर परराष्ट्र खात्याचा परवाना लागे. जोवर अशी यंत्रे मुख्यतः लष्करात आणि दूतावासांतच वापरली जात होती, तोवर या नियमाने फारशा कोणाची अडचण झाली नाही. १९७० च्या दशकात मात्र चित्र बदलले. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी अशी पद्धत मांडली की, आधी कधीही न भेटलेल्या दोन व्यक्तींना उघड मार्गावरून बोलूनच एक गुप्त किल्ली ठरवता यावी. पुढच्याच वर्षी एमआयटीतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए पद्धत शोधली, आणि त्याच वर्षी अमेरिकी सरकारने ५६ बिटांची डीईएस ही पद्धत नागरी कामकाजासाठी प्रमाण म्हणून स्वीकारली. कूटशास्त्र आता विद्यापीठांत आणि बँकांत आले होते, पण कायद्याच्या लेखी ते अजूनही शस्त्रच होते.

वैयक्तिक संगणक घरोघरी पोहोचू लागले तसे अमेरिकी सॉफ्टवेअर कंपन्यांपुढे पेच उभा राहिला. त्यांचा निम्मा बाजार परदेशात, आणि एन्क्रिप्शन असलेल्या प्रत्येक उत्पादनाला शस्त्रनिर्यातीचा परवाना! १९९२ मध्ये कंपन्यांची संघटना आणि सरकार यांच्यात तडजोड झाली. किल्ली ४० बिटांपुरतीच ठेवली तर परवानगी लवकर आणि सुलभपणे मिळेल, असे ठरले. किल्लीची देवाणघेवाण करणाऱ्या आरएसए पद्धतीसाठी ५१२ बिटांची वेगळी मर्यादा होती. तिथे बिटांचा हिशेब निराळा असतो, कारण ती किल्ली एकेक लावून पाहिली जात नाही, तर एका मोठ्या संख्येचे अवयव पाडून काढली जाते. ‘निर्यात दर्जाचे एन्क्रिप्शन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो याच मर्यादांवरून.

नेटस्केपच्या ब्राउझरच्या त्यामुळे दोन आवृत्त्या निघाल्या: अमेरिकेसाठी १२८ बिटांची आणि जगासाठी ४० बिटांची. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा मुंबईत वा पुण्यात बसून नियमानुसार उतरवून घेता येई ती ही दुसरी आवृत्ती. तिची रचना पाहण्यासारखी आहे. किल्ली तिच्यातही १२८ बिटांचीच तयार होत असे, पण त्यांपैकी ८८ बिट संदेशाच्या सुरुवातीलाच उघडपणे पाठवले जात आणि फक्त ४० गुप्त राहत. मजबूत कुलूप बनवण्याचे ज्ञान, यंत्रणा आणि वेळ हे सगळे हाताशी होते आणि तरीही त्याच्या बहुतेक चकत्या आधीच योग्य आकड्यावर फिरवून ते ग्राहकाच्या हाती दिले जात होते. कोणत्याही अभियंत्याला हे काम करताना यातना झाल्या असतील, असे मला मनापासून वाटते.

या ४० बिटांची खरी ताकद लवकरच दिसली. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतील दामिएँ दोलिजे यांनी सुमारे १२० संगणक आणि दोन समांतर महासंगणक यांच्या साह्याने नेटस्केपच्या निर्यात आवृत्तीतील एक संदेश आठ दिवसांत उलगडला. जानेवारी १९९७ मध्ये बर्कलेतील विद्यार्थी इयन गोल्डबर्ग यांनी विद्यापीठातील सुमारे २५० संगणक जोडून आव्हान म्हणून जाहीर केलेली ४० बिटांची एक किल्ली साडेतीन तासांत शोधली. जुलै १९९८ मध्ये तर इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात खास यंत्र बांधून ५६ बिटांच्या डीईएसची किल्ली ५६ तासांत मिळवली. इतक्या पैशात एक संस्था जे करू शकते ते एखादे सरकार किंवा श्रीमंत टोळी कितीतरी आधीपासून करू शकत असणार, हे सांगायला कूटशास्त्र शिकलेले असण्याची गरज नव्हती.

सरकारची बाजूही नीट ऐकली पाहिजे. निर्धाराने लपवणाऱ्या शत्रूला असे नियम अडवू शकत नाहीत, हे तिथल्या अधिकाऱ्यांना कळत होते. त्यांचे लक्ष्य दुसरे होते. जगभरच्या साध्या ईमेलमध्ये आणि दूरध्वनीत मजबूत एन्क्रिप्शन आपोआप बसलेले असू नये, आणि गुप्तचरांना जगाचे बोलणे वाचता येण्याची सोय जितकी वर्षे टिकेल तितकी टिकावी, एवढाच हेतू होता. आणि तो काही वर्षे साधलाही. मधला मार्ग म्हणून १९९३ मध्ये ‘क्लिपर’ नावाची चिप पुढे करण्यात आली. तिच्यात ८० बिटांची किल्ली होती, पण तिची प्रत दोन सरकारी संस्थांकडे अर्धी-अर्धी ठेवायची होती. बाजाराने ती स्वीकारली नाही. १९९६ च्या सुमारास लोटस नोट्स या कार्यालयीन प्रणालीच्या निर्यात आवृत्तीत दुसरी युक्ती आली. किल्ली ६४ बिटांची, पण तिच्यातले २४ बिट एनएसएलाच उघडता येईल अशा रूपात प्रत्येक संदेशासोबत जात. म्हणजे एनएसएसाठी ते कुलूप ४० बिटांचेच उरे. स्वीडनच्या संसदेतील सदस्य हीच प्रणाली वापरत होते, आणि ही गोष्ट १९९७ मध्ये तेथील वृत्तपत्रातून लोकांपुढे आली तेव्हा स्वाभाविकच खळबळ उडाली.

या सर्व नियमांतील मूळ अडचण मात्र किल्लीच्या लांबीहून खोल होती. निर्यात या शब्दात एक चित्र दडलेले आहे: माल, बंदर, जहाज, जकातीची चौकी. सॉफ्टवेअर असा माल नसते. ते गणित असते, आणि गणित लिहून दाखवता येते, वाचता येते, पाठही करता येते. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी हा ईमेलसाठीचा एन्क्रिप्शन प्रोग्राम मोफत उपलब्ध केला आणि तो इंटरनेटवरून पाहता पाहता देशाबाहेर पोहोचला. परवान्याशिवाय शस्त्रनिर्यात केल्याच्या संशयावरून झिमरमन यांच्याविरुद्ध फौजदारी चौकशी सुरू झाली. ती जानेवारी १९९६ मध्ये आरोप न ठेवता बंद झाली, पण तोपर्यंत तीन वर्षे त्या माणसाच्या डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार होती.

अभियंते फिल कार्न यांनी १९९४ मध्ये या विसंगतीची परीक्षाच घेतली. कूटशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाची निर्यात करता येईल का, असे त्यांनी परराष्ट्र खात्याला विचारले. पुस्तकाला परवाना लागत नाही, असे उत्तर आले. मग त्याच पुस्तकात छापलेला प्रोग्राम अक्षरशः जसाच्या तसा फ्लॉपीवर उतरवून त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा ती फ्लॉपी शस्त्र ठरली. कागदाला मुभा आणि फ्लॉपीला बंदी, एवढाच भेद असेल तर त्यातून काय निघेल ते उघड होते. १९९७ मध्ये पीजीपीच्या नव्या आवृत्तीचा मूळ प्रोग्राम, म्हणजे सोर्स कोड, सहा हजारांहून अधिक पानांच्या पुस्तकांच्या रूपात छापून कायदेशीरपणे युरोपात नेण्यात आला, आणि तेथे स्वयंसेवकांनी पान न् पान स्कॅन करून, चुका तपासून तो पुन्हा संगणकात उभा केला. या कामामागची चिकाटी मला आजही थक्क करते.

न्यायालयातील सर्वांत महत्त्वाचा लढा बर्कलेतील गणिताचे विद्यार्थी डॅनियल बर्नस्टाइन यांनी दिला. हॅश या गणिती कृतीने मोठ्या मजकुराचा छोटासा ठसा निघतो, आणि ठसा काढणे म्हणजे मजकूर लपवणे नव्हे म्हणून तिच्यावर निर्यातबंदी नव्हती. असा कोणताही हॅश घेऊन त्यापासून एन्क्रिप्शन कसे करता येते, हे बर्नस्टाइन यांनी ‘स्नफल’ या छोट्या प्रोग्रामने दाखवले. तो प्रसिद्ध करता येईल का, असे विचारल्यावर त्यांना सांगण्यात आले की, त्यासाठी शस्त्रव्यापाऱ्याचा परवाना लागेल. त्यांनी १९९५ मध्ये दावा दाखल केला. १९९६ मध्ये न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी निर्णय दिला की, संगणकाचा मूळ प्रोग्राम हीदेखील एक भाषा आहे आणि तो लिहिण्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. मे १९९९ मध्ये अपील न्यायालयाच्या पीठाने बहुमताने तीच दिशा धरली. तो निकाल पुनर्विचारासाठी मागे घेण्यात आला, परंतु अंतिम निवाडा होण्याआधी सरकारनेच नियम बदलले. ओहायोतील कायद्याचे प्राध्यापक पीटर युंगर यांची तक्रार आणखी वेगळी होती: परदेशी विद्यार्थ्याला वर्गात असा प्रोग्राम शिकवणे हीसुद्धा निर्यात ठरत असल्याने त्यांना अशा विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमात घेता येत नव्हते. तेथेही एप्रिल २००० मध्ये अपील न्यायालयाने मूळ प्रोग्रामला अभिव्यक्ती मानले.

दरम्यान काम थांबलेले नव्हते. ते फक्त अमेरिकेबाहेर गेले होते. ऑस्ट्रेलियात एरिक यंग यांनी नेटस्केपची सुरक्षित जोडणीची पद्धत स्वतंत्रपणे लिहून काढली आणि तिच्यातूनच पुढे ओपनएसएसएल हा आज जगभरच्या सर्व्हरांवर चालणारा संच जन्मला. ओपनबीएसडी या प्रणालीचे केंद्र कॅनडात असल्याने तिला पूर्ण ताकदीचे एन्क्रिप्शन मोकळेपणाने देता आले. अमेरिकी कंपन्या सरकारला हेच सांगत होत्या की, ग्राहकाला मजबूत कुलूप कोठून तरी मिळणारच आहे, प्रश्न फक्त ते कोणाकडून घ्यायचे एवढाच आहे.

माघार टप्प्याटप्प्याने झाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने नागरी एन्क्रिप्शन शस्त्रास्त्र यादीतून निघून वाणिज्य खात्याच्या अखत्यारीत आले, आणि किल्लीची प्रत ठेवण्याची व्यवस्था उभारण्याच्या अटीवर ५६ बिटांना मुभा मिळाली. सप्टेंबर १९९८ मध्ये ती अट सोडून देण्यात आली. तेव्हा ५६ बिटांचे कुलूप फोडल्याला दोन महिने झाले होते. शेवटी जानेवारी २००० मध्ये लागू झालेल्या नियमांनी बाजारात सर्रास विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी किल्लीच्या लांबीची मर्यादा व्यवहारतः काढून टाकली.

आता पुन्हा २०१५ कडे येऊ. ब्राउझर आणि संकेतस्थळ जोडणी सुरू करताना आधी एकमेकांना विचारतात की, आपल्याला कोणकोणत्या पद्धती येतात. १९९० च्या दशकातील परदेशी ब्राउझरांशीही बोलता यावे म्हणून सर्व्हरांच्या या यादीत निर्यात दर्जाच्या पद्धती घातलेल्या होत्या. पुढे कोणालाही त्यांची गरज उरली नाही, पण यादीतून त्या काढण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत. फ्रीक हल्ल्यात मार्गात बसलेला हल्लेखोर ब्राउझरच्या पहिल्याच निरोपात बदल करून सर्व्हरकडे निर्यात दर्जाची किल्ली मागतो. सर्व्हर निमूटपणे ५१२ बिटांची आरएसए किल्ली पुढे करतो, आणि ब्राउझरमधील एका चुकीमुळे, स्वतः मागितलेली नसतानाही, ती स्वीकारली जाते. १९९९ मध्ये अशा संख्येचे अवयव पाडायला संशोधकांना महिने लागले होते. २०१५ मध्ये तेच काम भाड्याने घेतलेल्या संगणकांवर सुमारे शंभर डॉलर आणि सात-आठ तासांत झाले. भरीस भर म्हणजे अनेक सर्व्हर स्वतः बंद करून पुन्हा सुरू केले जाईपर्यंत ही किल्ली बदलतच नसत, त्यामुळे एकदा केलेले कष्ट हल्लेखोराला बराच काळ पुरत. त्याच वर्षी मे महिन्यात ‘लॉगजॅम’ आणि मार्च २०१६ मध्ये ‘ड्राउन’ हे हल्ले उघड झाले, आणि दोन्हींच्या मुळाशी पुन्हा निर्यात दर्जाच्या पद्धतीच होत्या. कमकुवत कुलूप परदेशी ग्राहकासाठी बनवलेले होते, परंतु समोरचा ग्राहक कोणत्या देशाचा आहे हे कुलपाला कळत नाही. त्यामुळे अमेरिकेतील लोकांच्या जोडण्याही तितक्याच उघड्या पडल्या.

निर्बंध आज संपले आहेत, असा मात्र समज नसावा. अमेरिकेच्या निर्यात नियमांत एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरचा स्वतंत्र वर्ग अजूनही आहे. बदलली आहे ती वागणूक. बहुतेक उत्पादनांना सर्वसाधारण सवलतीखाली परवाना लागत नाही, काहींना वर्गीकरणाचा अर्ज किंवा वार्षिक अहवाल द्यावा लागतो, आणि निर्बंध घातलेल्या देशांसाठी दारे बंदच आहेत. खुल्या सॉफ्टवेअरचा मूळ प्रोग्राम प्रसिद्ध करताना पूर्वी सरकारला ईमेलने कळवावे लागे. प्रमाणित पद्धती वापरणाऱ्यांसाठी ती अटही २०२१ मध्ये गेली.

भारतातही हा विषय घरचाच आहे. इंटरनेट सेवा पुरवठादारांच्या परवान्यात आपल्याकडे बरीच वर्षे असे कलम होते की, ४० बिटांपेक्षा मोठी किल्ली वापरायची तर परवानगी घ्यावी आणि उलगडण्याची किल्ली सरकारकडे जमा करावी. आणि २००१ मध्ये रिझर्व्ह बँक इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांची शिफारस करत होती. परवानगी न घेता एकाच देशातील या दोन सूचना एकाच वेळी पाळणे कोणत्याही खातेदाराला शक्य नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार करारात सामील झाला. लष्करी व नागरी अशा दोन्ही उपयोगांच्या वस्तूंच्या निर्यातीवर समान याद्या ठरवणाऱ्या देशांचा हा गट आहे, आणि त्या याद्यांत एन्क्रिप्शनही येते. त्याच वर्षी विदेश व्यापार महासंचालनालयाने आपल्या ‘स्कोमेट’ नियंत्रण यादीत या प्रकारच्या वस्तूंचा आठवा वर्ग लागू केला. म्हणजे ज्या नियमांच्या दुसऱ्या टोकाला आपण विसाव्या शतकात होतो, ते नियम आता आपण स्वतःही राबवतो, आणि सुरक्षेची उपकरणे वा सॉफ्टवेअर बाहेर विकणाऱ्या येथील कंपनीला भारताचे आणि कित्येकदा अमेरिकेचेही, असे दोन्हीकडचे नियम तपासावे लागतात.

पुण्यात किंवा पणजीत बसून आयफोनसाठी ॲप बनवणाऱ्यालाही हा प्रश्न चुकत नाही. ॲप चढवताना ‘तुमच्या ॲपमध्ये एन्क्रिप्शन आहे का’ असे विचारले जाते. याचे कारण सरळ आहे: ॲप अमेरिकेतील सर्व्हरवर जाते आणि तेथून ते इतर देशांत उतरवले गेले की ती अमेरिकेतून झालेली निर्यात ठरते, मग बनवणारा कुठल्याही देशाचा असो. ॲप फक्त फोनच्या प्रणालीत आधीपासून असलेली सुरक्षित जोडणी वापरत असेल तर सहसा कागदपत्रे लागत नाहीत. पण स्वतः रचलेली, प्रमाणित नसलेली एन्क्रिप्शन पद्धत घातली असेल तर वर्गीकरणाची कागदपत्रे मागितली जाऊ शकतात, म्हणून तेथे घाईने ‘नाही’ वर बोट ठेवण्याआधी आपल्या प्रोग्राममध्ये नेमके काय आहे ते पाहून घ्यावे.